जानेवारीत नेपरव्हिलला शिफ्ट होतोय, निघण्याआधी काय माहीत हवं?

कोथरूडकर_निघाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

कंपनी एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) शिकागोच्या पश्चिमेला पाठवते आहे. ऑफिस लाइलमध्ये, आठवड्यातून तीन दिवस जायचं. राहायला सगळे जण नेपरव्हिलच सांगताहेत. रुजू व्हायचं १३ जानेवारीला. मी, बायको आणि दुसरीतली मुलगी असे तिघं. मार्चमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी येईल. जन्म कोथरूडात गेला, थंडी म्हणजे काय ते महाबळेश्वरला दोनदा पाहिलंय.

प्रश्न असे: गरम कपडे पुण्यातून घ्यावेत का? घर भाड्याने घ्यावं की लगेच विकत? शाळा कुठली? सामानात काय आणावं, काय आणू नये? आणखी काही जे विचारायचं मला सुचतही नाहीये, ते कृपया सांगा.

पावटा
पहिला!
जानेवारीत? कंपनीशी भांडण झालंय का?

नेपरकाकू
पावट्या, घाबरवू नकोस त्यांना. मीही जानेवारीतच आले होते, २००६ साली, पायात कोल्हापुरी घालून. अजून आहे.

कपडे तिकडून घेऊ नका. लक्ष्मी रोडवर मिळणारी जाकिटं लक्ष्मी रोडसाठी असतात. विमानतळावरून हॉटेलपर्यंत टिकाव धरेल एवढं एकेक जाकीट, कानटोपी आणि हातमोजे आणा. बाकी इथेच घ्या, जानेवारीत थंडीच्या कपड्यांचे सेल चालू असतात. एक जाडजूड घालण्यापेक्षा पातळ पातळ तीन थर घाला, कारण घरं, दुकानं, ऑफिसं आतून गरम असतात आणि तुम्ही दुधी हलव्यासारखे शिजत बसाल. पैसे वाचवायचेच तर जाकिटात वाचवा, बुटांत नको. बूट वॉटरप्रूफ हवेत आणि तळाला खाचा हव्यात. इथे माणसं थंडीने नाही, घसरून पडतात. मुलीला स्नो पँट लागेल, कारण कितीही गारठा असला तरी शाळा मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर काढते. फारच खाली गेलं तरच आत ठेवतात.

कुणी सांगत नाही ते सांगते. हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की पहिल्या आठवड्यात मुलीच्या नाकातून रक्त येईल, घाबरू नका. ह्युमिडिफायर घ्या, नाकाला आतून तुपाचं बोट लावा. दरवाज्याच्या मुठीला हात लावला की चटका बसेल. आणि डिसेंबरात सूर्य चार-वीसला मावळतो. तुम्ही याल तोवर पावणेपाच झालेले असतील, त्यातच आनंद माना.

मन्या_मिनेसोटा
शिकागोच्या थंडीला काय थंडी म्हणायचं. आमच्याकडे या. वजा चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हा धडा मी पुस्तकातून नाही, गाडीच्या डॅशबोर्डवरून शिकलो.

नेपरकाकू
मन्या, दर हिवाळ्याला तुझं हेच. ३० जानेवारी २०१९ आठवतो का? ओहेअरला (शिकागोचं विमानतळ) वजा २३ फॅरनहाइट होतं, म्हणजे सेल्सिअसमध्ये वजा तीसच्या खाली. वाऱ्याचं तर सोडूनच दे. पोस्टमनसुद्धा आला नव्हता. मी उकळतं पाणी गच्चीतून फेकलं, वरच्या वर धूर झाला. व्हिडिओ आहे.

मन्या_मिनेसोटा
आमचा पोस्टमनही नव्हता आला. बरं, बरोबरी.

हिशेबनीस
घराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक फसतात.

पहिलं वर्ष भाड्याने राहा. तुमची इथे क्रेडिट हिस्टरी शून्य. पुण्यात चार फ्लॅट असले तरी इथल्या बँकेच्या लेखी तुम्ही काल जन्मलात. अपार्टमेंटवालेही जास्त डिपॉझिट मागतील, कंपनीचं पत्र जवळ ठेवा.

पुढे घर घ्यायचं झालं तर नुसती किंमत बघू नका, प्रॉपर्टी टॅक्स बघा. इलिनॉयचा प्राप्तिकर सरसकट ४.९५ टक्के, ऐकायला बरा वाटतो. पण प्रॉपर्टी टॅक्स या भागात घराच्या बाजारभावाच्या साधारण दोन ते अडीच टक्के, दरवर्षी. आयुष्यभर. कर्ज फिटलं तरी हा फिटत नाही. बिलाचा मोठा वाटा शाळांना जातो, म्हणजे 'फुकट' शाळेची फी तुम्ही इथे भरता. शिवाय बिल एक वर्ष मागे चालतं: यंदा जून आणि सप्टेंबरमध्ये भरता तो मागच्या वर्षीचा. घर घेताना मागच्या मालकाच्या काळातला कर त्याच्याकडून क्रेडिट म्हणून कापून घेतात, तो आकडा वकिलाकडून नीट तपासून घ्या.

नवीन बांधकामात तर खास गंमत. पहिलं बिल बहुधा नुसत्या जमिनीचं येतं. माणूस खूश होतो, सोफा घेतो. मग घरासकट बिल येतं आणि महिन्याचा हप्ता एकदम वर जातो. सोफ्यावर बसून ते पत्र मी स्वतः वाचलंय.

ओस्वेगोचा_शेतकरी
हिशेबनीस, सगळं खरं, पण 'एक वर्ष भाडं' हा सल्ला सगळ्यांनाच लागू नाही. आम्ही चौथ्या महिन्यात घर घेतलं, ओस्वेगोला. नेपरव्हिलमध्ये त्या पैशात टाउनहाउस आलं असतं. इथे चार बेडरूम, तळघर, आणि मागच्या कुंपणापलीकडे मक्याचं शेत. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला ताजी कणसं मिळतात. गॅसवर भाजा, मीठ-तिखट-लिंबू लावा, डोळे मिटा, सिंहगड.

हिशेबनीस
आणि डोळे उघडले की लाइलला जायला पाऊण तास. बर्फात सव्वा. शिवाय तो शेतातला मका जनावरांचा आणि इथेनॉलचा असतो, माणसांचा गोड मका वेगळा. कुंपणापलीकडचं कणीस तोडून खाल्लं नाहीत ना?

ओस्वेगोचा_शेतकरी
पहिल्या वर्षी खाल्लं होतं. दात शाबूत आहेत. पुढे बोलू नये.

झिपरी
लोल. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (माणसांच्या मक्याचे.)

शाळामास्तर
शाळांबद्दल. नेपरव्हिलमध्ये मुख्य दोन डिस्ट्रिक्ट (सरकारी शाळांचे विभाग), २०३ आणि २०४. दोन्ही चांगले. यावर इथे दहा वर्षं मारामाऱ्या झाल्या आहेत, परत नकोत. लक्षात ठेवायचं ते असं, की पत्त्यातलं गाव आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट यांचा संबंध असेलच असं नाही. पत्ता अरोराचा पण शाळा २०४ ची, असा मोठा भाग आहे. २०४ च्या तीन हायस्कूलांपैकी दोन तर अरोरातच आहेत. उलट दक्षिणेला काही घरांचा पत्ता नेपरव्हिलचा आणि शाळा प्लेनफिल्डची. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. घराचा नेमका पत्ता डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

निघण्याआधी करायचं काम: मुलीच्या लसींचा तक्ता डॉक्टरांकडून इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन आणि कांजिण्यांचे दोन डोस तपासा. कांजिण्यांचा दुसरा आपल्याकडे बऱ्याचदा राहून जातो. इलिनॉयच्या शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला इथल्या डॉक्टरकडून शारीरिक तपासणीचा फॉर्म लागतो, डोळ्यांचाही. अपॉइंटमेंट इथे पोहोचायच्या आधीच फोन करून घेता आली तर उत्तम.

प्रवेशाच्या वेळी 'घरी कोणती भाषा बोलता' असा फॉर्म येतो. त्यावर मराठी लिहा.

भटका_बोका
असहमत. मराठी लिहिलं की पोराला इंग्रजीची परीक्षा द्यायला लावतात. आमच्या ओळखीत सगळ्यांनी इंग्रजी लिहिलं.

शाळामास्तर
बोका, ती परीक्षा नापास करायला नसते. इंग्रजी येत असेल तर मुलगी पास होते, विषय संपतो. येत नसेल तर मदतीला शिक्षिका मिळते, जादा पैसे न देता. पुण्याच्या इंग्रजी माध्यमातली मुलं वाचतात फाडफाड, पण वर्गात इथले उच्चार कळेपर्यंत दोन महिने गप्प बसतात. आणि सात वर्षांच्या मुलीसमोर आपण 'घरी इंग्रजी बोलतो' असं खोटं लिहायचं? ती बघत असते.

नेपरकाकू
मास्तरांना +१.

आजोबा_७९
मी १९७९ साली आलो, बेल लॅब्जमध्ये. तेव्हा नेपरव्हिलची वस्ती चाळीस-बेचाळीस हजार होती, आता दीड लाखाच्या घरात आहे. आज जिथे रूट ५९ वर भारतीय दुकानांची रांग आहे, तिथे शेतं होती. किराणा आणायला शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर जायचं, पटेल ब्रदर्स तिथे १९७४ पासून. शनिवारी सकाळी निघायचं, तूरडाळीची वीस पौंडांची पिशवी, गोडा मसाला मिळाला तर मिळाला, संध्याकाळी परत. वाटेत कुणा ना कुणा मराठी माणसाकडे जेवण ठरलेलं. न सांगता गेलं तरी चालायचं. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये शिकागोतच सुरू झालं, त्यावेळच्या बैठकांना चहा करणाऱ्यांत मी होतो. चहा बरा झाला होता.

आता लेमाँटला मंदिर आहे, अरोराला बालाजी आहे, कढीपत्ता केव्हाही मिळतो. पण न सांगता कुणाकडे जाता येत नाही. कॅलेंडर इन्व्हाइट येतं.

धागाकर्त्यांना एकच: आल्या आल्या फक्त मराठी लोकांतच राहू नका आणि मराठी लोकांना टाळूही नका.

पावटा
आजोबा, चहाबद्दल वेगळा धागा काढा. अनुमोदन देतो.

कोथरूडकर_निघाला
बाप रे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. लसींचा तक्ता काढला, कांजिण्यांचा दुसरा डोस खरंच राहिलाय. उद्याच जातो. सामानाबद्दल कुणी सांगेल का? बायकोने मिक्सर पॅक केलाय.

झिपरी
मिक्सर काढा. इथे १२० व्होल्ट. आपला मिक्सर इथे लावला तर 'मी येऊ का' असं विचारल्यासारखा फिरतो. ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो विटेएवढा जड. इथल्या व्होल्टेजवर चालणारे भारतीय मिक्सर दुकानात मिळतात.
आणा: कुकरच्या जादा रिंगा आणि शिट्ट्या, पोळपाट-लाटणं, सपाट बुडाचा तवा (अपार्टमेंटची शेगडी बहुतेक काचेची असते, खोलगट तव्याला आच लागत नाही), चष्म्याचा जादा जोड, नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह.
आणू नका: डाळी, तांदूळ, स्टीलची अख्खी मांडणी.

बकआय_बाई
आणि फोडणी! अपार्टमेंटमध्ये चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, चाळून परत तोंडावर मारतो. पहिल्या दिवशी लाल मिरची घातली आणि अलार्म असा कोकलला की शेजारी बाहेर. आमच्याकडे आता वाटण्या ठरल्या आहेत: मी फोडणी देते, नवरा अलार्मखाली टॉवेल हलवतो.

अवांतर: मिडवेस्ट म्हणजे फक्त शिकागो नव्हे हो! आम्ही ओहायोत, डब्लिनला. इथे गंमत म्हणजे शहराचा वेगळा प्राप्तिकर. डब्लिनचा दोन टक्के, कोलंबसचा अडीच. राहता एका गावात, कमावता दुसऱ्यात, कर आधी कामाच्या गावाला. इलिनॉयवाल्यांना हे नाही, त्याबद्दल प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघून देवाचे आभार माना.

लोकांबद्दल कुणीच लिहिलं नाही. लोक फार चांगले. दुकानात धक्का त्यांना लागला तरी 'ओप, सॉरी' तेच म्हणतात. हा 'ओप' सहा महिन्यांत तुमच्याही तोंडात बसतो. आमच्या सासूबाई परवा देवघरात उदबत्तीचं घर पडलं तर 'ओप' म्हणाल्या.

मन्या_मिनेसोटा
आणि निरोप! पाहुणा मांडीवर थाप मारून 'वेल…' म्हणतो. म्हणजे निघाला. मग उठून गप्पा, दाराशी गप्पा, गाडीपाशी गप्पा, काच खाली करून गप्पा. मला वाटलं सोलापूरलाच आलो. आमच्याकडेही 'बरंय, येतो' म्हटल्यावर खरा विषय निघतो.

हिमकण
एक गोष्ट मात्र ओळखून असा. हे लोक हसून बोलतात, बर्फ काढून देतात, बनाना ब्रेड आणून देतात. घरात यायला पाच वर्षं लागतात. चांगुलपणा आणि मैत्री यांत इथे बरंच अंतर आहे. मला ते उशिरा कळलं, वाईट वाटलं होतं.

ओस्वेगोचा_शेतकरी
पण बर्फ काढून देतात ना? पुण्यात शेजाऱ्याने कधी तुमच्या गाडीवरची धूळ पुसली? आमचा शेजारी सत्तरीचा, पहाटे साडेपाचला स्नोब्लोअर घेऊन स्वतःचा ड्राइव्हवे करतो आणि न विचारता आमचाही. मी दिवाळीत चकल्या नेऊन दिल्या. आता ऑक्टोबर लागला की तो आडून आडून विचारतो.

स्वतः काढायचा असेल तर थोडा थोडा काढा, एकदम फुटभर साचू देऊ नका. आणि सगळं साफ करून घरात चहा प्यायला बसाल तेव्हा नगरपालिकेचा नांगर येऊन तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचा सगळा दगडासारखा बर्फ लोटून जाईल. दर वेळी. त्याच्यावर रागावू नका, त्याचं पोट आहे.

हिशेबनीस
रच्याकने, डिसेंबरात भारतात जाताना हीटिंग बंद करून जाऊ नका. मी पहिल्या वर्षी बिल वाचवलं. पाइप गोठला, फुटला, तळघरात तीन इंच पाणी, खोकी तरंगताहेत, त्यात लग्नाचा अल्बम. थर्मोस्टॅट साठ फॅरनहाइटच्या आसपास ठेवा आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करा.

तळघर असेल तर सम्प पंपाला (तळघरात साचणारं पाणी बाहेर टाकणारा पंप) बॅटरी हवीच. वीज जाते ती नेमकी वादळात, आणि पंप लागतो तोही वादळातच. रेडॉनची चाचणीही करून घ्या. जमिनीतून येणारा वायू, वास नाही, रंग नाही. आकडा ४ च्या वर असेल तर नळी आणि पंखा बसवून घ्यावा लागतो.

शाळामास्तर
वादळावरून आठवलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावभर भोंगे वाजतात. ती टॉर्नेडोच्या भोंग्यांची चाचणी असते. घाबरू नका. इतर वेळी वाजला तर मात्र तळघरात, तळघर नसेल तर खिडकी नसलेल्या आतल्या बाथरूममध्ये. २० जून २०२१ च्या रात्री अकराच्या सुमाराला नेपरव्हिलमध्येच ईएफ-३ (तीव्रतेच्या ० ते ५ मापात ३) टॉर्नेडो आला होता, आमच्यापासून चार रस्त्यांवर छपरं उडाली. फोनवरचे अलर्ट रात्री बंद करू नका.

पावटा
थंडी, टॅक्स, टॉर्नेडो, रेडॉन. टोळ राहिले.

नेपरकाकू
टोळ नाहीत, पण सिकाडा (कर्कश आवाज करणारे किडे) आहेत. दर सतरा वर्षांनी जमिनीतून लाखोंनी वर येतात. २००७ ला आले, २०२४ ला आले, आता २०४१. फोनवर आईला ऐकवला आवाज, ती म्हणाली, गिरणी सुरू झाली का तुमच्याकडे?

बायको_कोथरूडकराची
नमस्कार. आत्ताच सदस्य झाले. धागाकर्त्याची बायको. त्यांनी विचारलं नाही ते मी विचारते.

तीन दिवस हे ऑफिसला जातील. मुलगी शाळेत. मार्चपासून सासूबाई असतील. मी इथे बारा वर्षं नोकरी केली, ती सोडून येते आहे. मला इथे स्कूटर चालवता येते, गाडी नाही. वर कणसं, शाळा, टॅक्स सगळं आलं. मी सकाळी साडेआठ ते साडेतीन काय करायचं, हे कुणी लिहिलेलं नाही.

झिपरी
…
धागा आत्ता सुरू झाला.

हिमकण
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी २०११ मध्ये एच-४ वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आले. फेब्रुवारीत. आदल्याच आठवड्यात एकवीस इंच बर्फ पडला होता. नवऱ्याने हौसेने नव्या कॉलनीत मोठं घर भाड्याने घेतलं होतं. सुंदर घर. सर्वात जवळचं दुकान अडीच मैल, मध्ये फुटपाथ नाही. एक गाडी, ती नवरा नेणार. एकदा कोथिंबीर संपली म्हणून मी चालत निघाले तर एका बाईने गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, मदत हवी आहे का? म्हणजे इथे चालणारी बाई संकटातच असणार. मी घरी येऊन रडले. कोथिंबिरीसाठी नव्हे.

मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते एवढंच: घर ऑफिसला जाणाऱ्याच्या सोयीने निवडू नका. तो कसाही पोहोचतो. दिवसभर घरी राहणाऱ्याच्या सोयीने निवडा.

नेपरकाकू
हिमकण, एवढी वर्षं इथे बोलतोय आपण, हे कधी सांगितलं नाहीस.

हिमकण
कुणी विचारलं नव्हतं.

हिशेबनीस
वहिनी, एक महत्त्वाची गोष्ट. एच-४ आणि तुमचा व्हिसा यांत फरक आहे. एल-१ च्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ नंतर वेगळ्या वर्क परमिटची वाट बघावी लागत नाही. पोहोचल्यावर आय-९४ (देशात प्रवेश केल्याची सरकारी नोंद) काढा, त्यावर 'एल-२एस' लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं 'एल-२' असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. ते असलं की सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, नोकरी करता येते. एच-४ वाल्यांना ही सोय नाही, त्यांना २०१५ पासून काही अटींवरच ईएडी (तेच वर्क परमिट) मिळतं. म्हणजे साडेआठ ते साडेतीनचं उत्तर तुमच्या बाबतीत नोकरी असू शकतं. अनुभवाचे दाखले, पदवीची कागदपत्रं सगळं हातातल्या बॅगेत घ्या.

मी वर एवढं टॅक्सवर लिहीत बसलो, हे आधी लिहायला हवं होतं.

नेपरकाकू
आणि ड्रायव्हिंग. निघायच्या आधी पुण्यात क्लास लावा, लायसन्स काढा. इथे नियम वेगळे, पण क्लच-ब्रेकची भीती तरी तिकडेच मोडते (इथे गाडी ऑटोमॅटिक असते, अजून सोपं). राहायला आल्यापासून ९० दिवसांत इलिनॉयचं लायसन्स काढायचं असतं. शिकवायला नवरा नको, पैसे देऊन शिक्षक लावा. संसार टिकतो. 'स्टॉप'च्या पाटीशी रस्ता ओस असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. दोन पदरी रस्त्यावर शाळेच्या बसने लाल पाटी बाहेर काढली की समोरून येणाऱ्यांनीसुद्धा थांबायचं. बर्फावर घसरलात तर ब्रेक दाबून धरू नका, पाय उचला. पहिल्या बर्फात रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन मुद्दाम घसरून बघा. आणि काच धुवायचं निळं पाणी वजा वीस फॅरनहाइटचं घ्या, साधं गोठतं.

दुसरी गाडी ही चैन नाही. सोफा नंतर घ्या.

हिशेबनीस
सोफ्याचं कळलं हो.

बकआय_बाई
सासूबाईंसाठी: वाचनालयापासून चालत जाता येईल असं अपार्टमेंट शोधा. नेपरव्हिलला तीन शाखा आहेत. डाउनटाउनच्या जवळ राहिलात तर नदीकाठी रिव्हरवॉक आहे, बसायला बाकं आहेत, संध्याकाळी आपल्याकडचे आजी-आजोबा दिसतात. माझी बहीण तिथेच राहते. तिच्या सासऱ्यांना तिथे सांगलीचे गृहस्थ भेटले, आता दोघं मिळून बदकांना नावं ठेवतात. दोन्ही अर्थांनी.

आणि मेडिकल इन्शुरन्स! व्हिजिटर पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना सहसा काही मिळत नाही. बीपी-शुगर असेल तर बारीक अक्षरं वाचा.

ओस्वेगोचा_शेतकरी
हिमकण यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मी पण असंच म्हणायचे, तू कणसं भाजत होतास.' मी माझा वरचा सल्ला मागे घेतो. कणसांबद्दलचा नाही.

आजोबा_७९
आमच्या हिला १९८० च्या हिवाळ्यात असंच झालं होतं. तेव्हा भारतात फोन म्हणजे मिनिटाला काही डॉलर. ती पत्रं लिहायची, रोज एक, आणि टाकायची रविवारी सगळी एकदम, कारण पोस्टात न्यायला मी रविवारीच मोकळा. रविवारी पोस्ट बंद असतं हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. बाहेरच्या पेटीत टाकायची. फिरणं व्हायचं.

मग ती कॉलेज ऑफ डूपेजमध्ये जाऊ लागली. तिथे अजूनही इंग्रजी संभाषणाचे आणि इतर बरेच वर्ग असतात. सुनबाईंनी जरूर चौकशी करावी.

भटका_बोका
तुळशीचं कुणी सांगितलं नाही. आई आल्या की मागतीलच. मदर्स डे होईपर्यंत, म्हणजे मे अर्ध्यावर येईपर्यंत बाहेर ठेवू नका. ऑक्टोबरात आत. तरी डिसेंबरात मान टाकते. आमच्या चार गेल्या. पाचवी सशाने खाल्ली.

झिपरी
ससा वैकुंठाला गेला असणार.

बायको_कोथरूडकराची
सगळ्यांचे मनापासून आभार. हिमकण, तुम्हाला विपू (वेगळा निरोप) केली आहे. ड्रायव्हिंग क्लास सोमवारपासून लावला. मिक्सर काढला. त्या जागी दाखल्यांची फाइल ठेवली.

कोथरूडकर_निघाला
(पाच महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.)

पोहोचलो, जगलो. डाउनटाउनपासून दहा मिनिटं चालत असं दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं. माझं ऑफिस जरा लांब पडलं, चालतंय. मुलीच्या नाकातून चौथ्या दिवशी रक्त आलं, तूप लावलं. आय-९४ वर नुसतं एल-२ आलं होतं, हिशेबनीस यांचा प्रतिसाद समोर धरून दुरुस्त करून घेतलं. बायकोला दुसऱ्या प्रयत्नात लायसन्स मिळालं. पहिल्यात स्टॉपला चाकं पूर्ण थांबली नव्हती. सध्या मुलाखती चालू आहेत.

आई मार्चअखेर आली. आता कालची हकिगत. मी घरून काम करत होतो, बायको गाडी घेऊन बाहेर. दहा वाजता बाहेर भोंगा. मी लॅपटॉप टाकला, आईला हाताला धरलं, बाथरूममध्ये नेलं, टबात बसवलं, वर गादी ओढली. आई म्हणाली, 'एकाहत्तरच्या लढाईत दादरला असाच वाजायचा, आम्ही काचांना काळे कागद लावायचो. कुणाशी लागलंय?' मी म्हटलं, वादळ आहे. ती म्हणाली, 'ऊन पडलंय की रे बाहेर.'

बायकोला फोन केला तर तिने विचारलं, आज वार कुठला?

शाळामास्तर
अहो, मंगळवार. लिहिलं होतं मी वर.

पावटा
मास्तर, परीक्षा घ्या यांची. घरी कोणती भाषा बोलतात तेही विचारा.

नेपरकाकू
आईंना म्हणावं रविवारी जेवायला या. कॅलेंडर इन्व्हाइट पाठवत नाही. सरळ या.